गिअरबॉक्सचा ताप आणि दाजींची पाटी

सूड घेणं तसं सोपं असतं. फक्त शत्रू धड मिळायला हवा. चारचौघांत ज्याला शिव्या घालता येतात, ज्याच्या दारावरून मान ताठ ठेवून जाता येतं, असा शत्रू नशिबात असला की निम्मी लढाई माणूस तोंडानंच जिंकतो. पण शत्रू जर थोरल्या बहिणीचा नवरा निघाला, तर? तो आला की खुर्ची पुसून द्यायची, 'या दाजी, बसा दाजी' म्हणायचं, चहा सांगायचा, आणि त्याचा चहा पिऊन होईपर्यंत मनातल्या मनात त्याचे तुकडे करायचे. आमच्या रस्त्यावरच्या गिअरबॉक्सवाल्यानं हे कित्येक वर्षं केलं. इतका गोड सूड घेणारा आणि इतका चिवट राग धरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

या माणसाला पूर्वी सगळे थर्मामीटर म्हणायचे. हात लावून ताप सांगायची त्याला सवय होती. चहाचा कप उचलला की घोट घ्यायच्या आधी "सत्तर" म्हणणार. कुणाशी हात मिळवला की, "तुम्हाला कणकण आहे, घरी जाऊन पडा." लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा मुलीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. यानं तो हातात धरला आणि मुलीकडे न बघता तिच्या वडिलांना म्हणाला, "बारा डिग्री. तुमच्या फ्रिजचं दार चांगलं बसतंय." बोलणी तिथंच संपली. तेव्हापासून तो आणि त्याची आई, दोघंच गॅरेजच्या मागच्या खोल्यांत राहतात.

त्याचं काम जुन्या, मोठ्या, ऑटोमॅटिक गाड्यांचं. या गाड्यांचा गिअरबॉक्स म्हणजे घरातली थोरली सून. सगळं निमूट करते, कुणाला कळतही नाही ती काय काय करते. पण एकदा तापली की कुणाच्या बापाला ऐकत नाही. गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचं ऑइल फिरत असतं आणि ते थंड करायची कंपनीनं केलेली सोय मोठी मजेदार असते. ते ऑइल रेडिएटरच्या एका कोपऱ्यात नेऊन इंजिनाच्या गरम पाण्याशेजारून फिरवतात. म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला कोमट पाण्याच्या टबात बसवायचं आणि म्हणायचं, आता बरं वाटेल हं! सपाट रस्त्यावर वाटतंही बरं. पण गाडी म्हातारी झाली, रेडिएटर अर्धा तुंबला, मागे ट्रेलर जोडला आणि समोर घाट आला, की ऑइल एकशे वीसच्या वर जातं. मग ते लालाचं तपकिरी होतं, त्याला करपल्याचा वास यायला लागतो आणि गाडी वळणावर नुसतीच गुरगुरत उभी राहते.

यावर इलाज म्हणजे वेगळा कूलर. पुढच्या जाळीच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे, अगदी खिडकीतल्या सीटसारख्या जागी, तो बसवायचा. थर्मामीटर गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा, "ऑइलनं आधी रेडिएटरमध्ये आंघोळ करायची, मग कूलरमध्ये वाऱ्याला उभं राहायचं, आणि मग घरी, गिअरबॉक्समध्ये. क्रम चुकवायचा नाही. वाळलेल्या माणसाला कुणी परत पाण्यात घालतं का?" माझ्या म्हाताऱ्या गाडीला त्यानंच कूलर लावला, म्हणून ती अजून घाट चढते. मी मात्र जिन्यात दोनदा थांबतो.

आता दाजी. दाजींचं गाडीच्या सामानाचं दुकान. तेव्हा दोघांची एकच शेड होती. पुढे दाजींचं दुकान, मागे मेव्हण्याचं गॅरेज. दाजी मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे आणि मनानं वाईट म्हणाल तर तसे नव्हेत. पण जी वस्तू चमकत नाही ती बिघडलेलीच आहे, असं त्यांचं ठाम मत. गाडीच्या आत काय चालतं याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. त्यांचं सगळं प्रेम गाडीच्या तोंडावर.

आमच्या डेअरीवाल्याकडे एक जुनी दणकट गाडी होती. मागे दुधाच्या टाकीचा ट्रेलर जोडून तो रोज डोंगरावरच्या गावात जायचा. थर्मामीटरनं तिला झकास कूलर लावून दिला. गाडी मागून तयार होऊन आली आणि पुढच्या दारातून बाहेर पडताना दाजींनी तिला अडवलं.

"अहो, एवढी रुबाबदार गाडी आणि तोंड असं बोडकं? थांबा, थांबा."

त्यांनी तिच्या तोंडावर चकचकीत लोखंडी गार्ड बसवला. गार्डवर चार ताटलीएवढे दिवे. आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वतःच्या दुकानाच्या नावाची पत्र्याची पाटी. सगळं फुकट, जाहिरात म्हणून. डेअरीवाला फुकट मिळालं तर विषाचीही चव घेऊन बघणारा. तो खूश होऊन गेला. थर्मामीटर तेव्हा मागे दुसऱ्या गाडीच्या पोटाखाली आडवा होता. त्याला यातलं काही कळलंच नाही.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. आमच्या रस्त्यानं मात्र ओळखलं नाही. पाटीनं वारं अडवलं, कूलर नुसता शोभेला उरला, आणि घाटात गिअरबॉक्स जळाला. गाडी टोचन करून खाली आणली. टोचनचा हुक अडकवायला गार्ड आणि पाटी काढून ट्रेलरमध्ये टाकली होती, त्यामुळे गाडीचं तोंड पुन्हा बोडकं. बघणाऱ्याला दिसत होता तो फक्त नवा कोरा कूलर. डेअरीवाला ओरडत होता, गर्दी जमली होती, आणि दाजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून आपल्या त्या लाउडस्पीकरसारख्या आवाजात म्हणाले,

"आमचा मेव्हणा कूलर लावतो म्हणे! अहो, कूलर कसला, गिझर लावलाय त्यानं, गिझर!"

सगळा रस्ता हसला. थर्मामीटर खाली वाकला. बंपरवरच्या धुळीत त्याला बोल्टांच्या ताज्या खुणा दिसल्या, आणि एका क्षणात सगळं कळलं. तो उठून म्हणाला, "दाजी, तुमच्या पाटीनं वारं अडलं."

"पाटीनं गिअरबॉक्स जळतो?" दाजींनी डोक्यावरची टोपी काढून सगळ्यांना दाखवली. "मग ही मी रोज घालतो, माझं डोकं जळायला पाहिजे!"

रस्ता दुप्पट हसला. 'जळायला आधी डोकं लागतं' हे यावरचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. उत्तरं अशीच असतात, वरात गेल्यावर घोडा घेऊन येतात.

त्या दिवसापासून थर्मामीटरचा गिझर झाला. माणसाचं काय जातं असं टोपणनाव बदललं तर, असं तुम्ही म्हणाल. पण याच्या धंद्यात दुसरं होतंच काय? ताप ओळखणारा माणूस म्हणून लोक याच्याकडे लांबून यायचे. आता तेच लोक पत्ता विचारताना म्हणू लागले, "ते गिझरचं गॅरेज कुठंय हो?" आणि पत्ता सांगणारा हसत हसत दुसऱ्याच गॅरेजचा पत्ता द्यायचा. डेअरीवाला तर दूध घालायला आला की दारातून हाक मारायचा, "गिझर, भांडं आण!"

त्यानं शेड सोडली आणि रस्त्याच्या पलीकडे, दाजींच्या बरोब्बर समोर, नवं गॅरेज थाटलं. त्याच्या आईनं त्याला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, तिकडे तुझी बहीण नांदते. दाजींना एक वाकडा शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे."

"नाही बोलणार," तो म्हणाला. आणि शपथ अक्षरशः पाळली. शपथेत फक्त शब्दांचा उल्लेख होता.

डेअरीवाल्याच्या जळलेल्या गिअरबॉक्समधलं थोडं ऑइल त्यानं एका काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवलं होतं. रोज सकाळी गॅरेज उघडलं की तो बरणीचं झाकण काढून एकदा खोल वास घ्यायचा. मी विचारलं, "हे काय रे?"

"राग शिळा होऊ नये म्हणून," तो म्हणाला. झाकण घट्ट लावलं आणि कामाला लागला.

"पण तुला पाहिजे तरी काय? दाजींची गाडी जळायला पाहिजे?"

"गाडी नको. त्यांनी ज्या तोंडानं गिझर म्हटलं ना, त्याच तोंडानं, याच रस्त्यावर, याच लोकांसमोर म्हणायला पाहिजे, की माझ्या पाटीनं जळाला. बास."

तिकडे दाजींनी काय करावं? त्यांनी स्वतःसाठी एक जुनी ऑटोमॅटिक घेतली, पांढरी, हत्तीएवढी. तिच्या तोंडावर तसाच गार्ड, तसेच चार दिवे आणि तश्शीच पाटी, फक्त आणखी मोठी. आणि ती गाडी रोज मेव्हण्याच्या गॅरेजकडे तोंड करून उभी करायची. कुणी आलं की पाटीवर थाप मारून म्हणायचं, "ही बघा पाटी. जळाला का माझा गिअरबॉक्स?" कसा जळणार? गाडी घरातून दुकानात आणि दुकानातून घरात. मध्ये एक वळण, आणि तेसुद्धा उताराचं. थर्मामीटर समोरून बघायचा, मान डोलावायचा. "खरंय दाजी," म्हणायचा. मांजर उंदराच्या बिळाजवळ बसतं ना, डोळे मिटल्यासारखे करून, तसं.

आणि एक दिवस उंदरानंच आमंत्रण पाठवलं. दाजींनी डोंगरावरच्या गावात दुसरं दुकान काढलं. उद्घाटनाला सगळ्या रस्त्याला बोलावलं, लोकांसाठी बस ठरवली, आणि दुकानाची काचेची कपाटं नि काउंटर ट्रेलरवर चढवून ते स्वतःच्या गाडीनं नेणार असं जाहीर केलं. रस्ता ओलांडून ते मेव्हण्याकडेही आले.

"तू पण ये रे. आणि गिझर घेऊन ये बरोबर, वर थंडी असते!"

"येतो की दाजी," थर्मामीटर म्हणाला. "तुमच्या गाडीनं घाट चढायचा म्हणजे बघण्यासारखं असणार."

दाजी सामान आणायला दुसऱ्या गावी गेले त्या दिवशी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दाजींची बायको. बारीक अंगाची आणि जाड आवाजाची. इतकी वर्षं ती आईला भेटायला मागच्या दारानं यायची, गॅरेजमध्ये पाऊल टाकत नसे. आज ती पुढच्या दारानं आली, आणि तीसुद्धा तो पांढरा हत्ती चालवत. गाडी थेट आत घातली, खाली उतरली आणि किल्ली भावाच्या हातात दिली.

"हे बघ, तुमच्या भांडणात मला पडायचं नाही. पण त्या गाडीत मी बसणार आहे. मागे काचेची कपाटं, पुढे मी, आणि स्टिअरिंगवर हे. तूच सांग, आधी कोण फुटेल?"

"दाजींना विचारलंस का?"

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते का? कर काहीतरी. घाटात उतरून गाडी ढकलायचं माझं वय नाही आता."

ती आत आईकडे गेली. थर्मामीटरनं डिपस्टिक ओढून काढली, कागदावर पुसली, वास घेतला. "अजून लाल आहे," तो म्हणाला. कुणीतरी जिवंत असल्याची बातमी इतक्या निराश आवाजात सांगितलेली मी ऐकली नव्हती. मग त्यानं रेडिएटरवर हात फिरवला आणि माझ्याकडे वळला. त्याचे डोळे चमकत होते.

"अर्धा तुंबलाय. हिला कूलरच नाही. असंच सोडलं ना, तर तिसऱ्या वळणावर खेळ खल्लास. सगळ्या बससमोर."

"मग सोड," मी म्हणालो. मी भला माणूस आहे, पण तमाशा मलाही आवडतो.

तो बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. फळीवरच्या बरणीकडे एकदा बघितलं.

"ताई असणार ना रे आत," तो शेवटी म्हणाला. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "आणि गिअरबॉक्सनं तरी माझं काय घोडं मारलंय?"

आणि कामाला लागला. पाटी, दिवे, गार्ड सगळं उतरवलं. रेडिएटर धुऊन मोकळा केला. जुनं ऑइल काढून नवं भरलं. त्याच्याकडच्या कूलरांपैकी सगळ्यात मोठा निवडला, होस पाइप नवे घातले, रेडिएटरमधून कूलरमध्ये आणि कूलरमधून गिअरबॉक्समध्ये, अगदी त्याच्या आंघोळीच्या क्रमानं. क्लिपा आवळल्या, गाडी चालू ठेवून प्रत्येक जोडावरून बोट फिरवून बघितलं. काम इतकं सुरेख झालं होतं की माझी निराशाच झाली.

"झालं? आता पाटी टपावर लावणार ना?"

त्यानं माझ्याकडे असं काही निष्पाप बघितलं, की मला भीती वाटली.

"दाजींची पाटी! तिची जागा बदलणारा मी कोण? होती तिथंच लागणार. दाजींचा मान राहिला पाहिजे, असं आई सांगते."

आणि त्यानं गार्ड, दिवे, पाटी सगळं जसंच्या तसं परत बसवलं. फक्त पाटीच्या बोल्टांना आधी भरपूर ग्रीस फासलं. पाना लागताच बोटाच्या जोरावर सुटतील असे.

त्यानंतर त्यानं तापाचा मीटर काढला. गोल, मोठ्या आकड्यांचा. गिअरबॉक्सला सेन्सर जोडला, तिथून वायर वर आणली. मीटर लोक ड्रायव्हरसमोर बसवतात. यानं तो बसवला डाव्या सीटसमोर, अगदी ताईच्या नाकाच्या रेषेत. मग तिला बोलावून शेजारी बसवलं.

"इथपर्यंत काटा असला की काही बोलायचं नाही."

"मी काही बोलायचं नाही?"

"बरं, बोल. आकडा सांगत राहा. एकशे दहाला गाडी थांबवायला लावायची. पुढे जाऊ द्यायची नाही, काही झालं तरी. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे, इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे ऑइल फिरत राहतं. आणि मग हा पाना." त्यानं पाना तिच्या पर्समध्ये घातला. "कुठले बोल्ट ते सांगू?"

ताईनं पाटीकडे बघितलं, भावाकडे बघितलं. "माझ्या डोळ्यांना दिसतंय," ती म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी पुढे दाजींची गाडी आणि ट्रेलर, मागे माझी गाडी, तिच्यामागे बस. माझ्या शेजारी थर्मामीटर, मागच्या सीटवर डेअरीवाला. त्याला बस लागते. दाजींच्या गाडीत काय झालं ते ताईनं नंतर इतक्या वेळा सांगितलं, की मला आता वाटतं मी मागच्या कपाटातच बसलो होतो.

"पंच्याऐंशी," घाट सुरू होताच ताई म्हणाली.

"काय पंच्याऐंशी?"

"ताप."

"कुणाला?"

"तुमच्या गाडीला. ब्याण्णव."

"हे घड्याळ कुणी बसवलं?"

"ज्याला तुम्ही गिझर म्हणता त्यानं. पुढे बघा. सत्त्याण्णव."

"तरी म्हटलं त्यानं हात लावलाय! म्हणूनच तापतीये!"

"सपाटीला नाही तापली ती. एकशे दोन."

"अगं, काटा आहे तो, हलणारच. गाणं लाव काहीतरी."

"लावते. एकशे सहा."

गाणं लागलं, पण ताईच्या आवाजाखाली ते ऐकू येईना. एकशे दहाला तिनं गाणं बंद केलं आणि म्हणाली, "थांबवा."

"वेड लागलंय का? वर पाहुणे आलेत, फीत बांधलीये!"

"थांबवा म्हणते ना. नाहीतर मी इथं उतरते, पायी जाते, आणि फीत मीच कापते."

दाजींना बायकोचा हा सूर ठाऊक होता. वळणावरच्या रुंद जागेत गाडी थांबली. तिच्यामागे आम्ही, आमच्यामागे बस. सगळा रस्ता खाली उतरला. ताईनं ड्रायव्हरच्या खिडकीतून आत हात घालून हँडब्रेक ओढलेला आहे ना ते बघितलं, बसवाल्याला चाकांमागे दगड लावायला लावले, दाजींना इंजिन बंद करू दिलं नाही, आणि गाडीच्या तोंडासमोर जाऊन पर्समधून पाना काढला.

"अगं, हे काय? हा कुठून आणलास?"

"माहेरून," ताई म्हणाली.

"पाटी नको! उद्घाटनाला पाटीच नसेल तर..."

"पाटी राहील नाहीतर गाडी राहील. बोला."

दाजी बाजूला सरकले. बोल्ट लोण्यातून निघाल्यासारखे निघाले. दोन दिवे निघाले, मग पाटी निघाली, आणि तिच्यामागे जाळीतून चकचकणारा नवा कूलर दिसला. ताईनं पाटी उचलून दाजींच्या हातात दिली. ते ती छातीशी धरून उभे राहिले, पंख्यानं आत ओढलेलं वारं सूं करत कूलरमधून जात होतं, आणि सगळे लोक एकदा दाजींकडे, एकदा कूलरकडे बघत होते. थर्मामीटर हात मागे बांधून उभा होता. एक शब्द बोलला नाही. त्याच्या आईची शपथ होती.

काटा उतरला. गाड्या पुन्हा निघाल्या. आता पुढच्या गाडीच्या खिडकीतून ताईचा आवाज मागे आमच्यापर्यंत येऊ लागला. "एक्क्याण्णव! नव्वद! एकोणनव्वद!" चढ मघापेक्षा खडा होता.

माझ्या मागच्या सीटवर डेअरीवाला पुढे सरकून आकडे ऐकत होता. मग म्हणाला, "अहो, माझ्या गाडीलासुद्धा असलीच पाटी लावली होती यांनी."

"हो का?" थर्मामीटर मध ओतावा तसं म्हणाला.

"तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत."

"सांगितलं असेन."

"आणि मी तुम्हाला गिझर म्हणालो."

"म्हणालात. रोज. दूध घालताना." त्यानं मागे वळूनही बघितलं नाही. "खिडकी उघडा तुमची. घाम आलाय, आवाजावरून कळतंय."

वर पोचेपर्यंत डेअरीवाल्याचा राग बरोबर एकशे वीसवर गेला होता. फीत कापायला दाजींनी कात्री उचलली आणि हा गर्दीतून म्हणाला, "कापा, कापा. पण माझा गिअरबॉक्स कशानं जळाला तेवढं सांगा आधी!" दाजींनी न ऐकल्यासारखं करून फीत कापली; ती तिरकी कापली गेली. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "गिझर कुठं गेले?" आणि कुणी काही ठरवलेलं नसताना सगळ्यांनी दाजींकडे बोट दाखवलं. टोपणनावानं रस्ता ओलांडला होता.

मला वाटलं, संपलं. थर्मामीटरला तसं वाटत नव्हतं. "त्यांच्या तोंडून कुठं आलंय अजून?" तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बरणीचं झाकण काढून नेहमीपेक्षा मोठा वास घेतला.

मग दाजी आले. काखेत पाटी. सकाळची वेळ, रस्ता जागा, डेअरीवाला समोर कॅन उतरवत होता.

"या दाजी, बसा दाजी." खुर्ची पुसली. चहा सांगितला.

"ही पाटी जरा लावून दे."

"लगेच. होती तिथंच ना?"

"नको. टपावर लाव."

"टपावर? एवढी देखणी पाटी! तोंडावर काय शोभत होती."

"टपावर लाव म्हटलं ना."

"लावतो. पण का, दाजी?"

"माझी आवड."

"आवड बदलायला काही झालं असेल ना. पुढे काही अडत होतं का?"

दाजींनी टोपी काढली, परत घातली. "वारं."

"वारं कुणाला लागतं पुढे?"

"कूलरला! तुला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. मला फार वर्षं माहीत आहे. तुम्ही सांगा. वारं अडलं की काय होतं?"

डेअरीवाल्यानं कॅन खाली ठेवला. शेजारचा टायरवाला बाहेर आला. दाजी पाटीकडे बघत पुटपुटले, "पाटीनं जळाला."

"काय म्हणालात? कॉम्प्रेसर चालू आहे."

"मग बंद कर की तो!"

"बटण बिघडलंय. जरा मोठ्यानं बोला, दाजी. तुमचा आवाज तर केवढा."

"माझ्या पाटीनं जळाला त्याचा गिअरबॉक्स!" दाजी ओरडले, आणि तो आवाज खरंच त्या दिवशी पायरीवरून आला होता तेवढाच मोठा होता. "तुझ्या कूलरनं नाही! माझ्या पाटीनं! झालं?"

आतून आईचा आवाज आला. "काय झालं रे? दाजींना उलट बोललास का?"

"नाही आई," थर्मामीटर म्हणाला. "दाजी बोलतायत. मी ऐकतोय."

मग त्यानं उठून कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर गप्प झाला. बटणाला काही झालेलं नव्हतं. त्यानं दाजींच्या कपाला हात लावून बघितला.

"प्या. पासष्ट आहे. याच्या खाली गेला की मजा नाही."

पाटी त्यानं टपावर लावून दिली, अगदी सरळ, लेव्हल लावून. जाता जाता दाजी म्हणाले, "आणि तो मीटर माझ्या बाजूला घे. हिचं दिवसभर चालू असतं."

"वायर पुरत नाही, दाजी."

"लांब वायर घाल ना."

"मिळत नाही हो हल्ली तसली वायर." त्याच्या मागे भिंतीवर वायरची आख्खी गुंडाळी टांगलेली होती. दाजींनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि गेले.

"मग आता केलंस ना माफ?" मी विचारलं.

"माफ?" बरणी फळीवरच होती. त्यानं ती खाली घेतली, फडक्यानं बाहेरून पुसली आणि परत जागेवर ठेवली. "दाजींचा काय भरवसा. असू दे."

डेअरीवाला आता पुन्हा दारातून हाक मारतो, "थर्मामीटर, भांडं आण!" आणि दूध थोडं जास्त घालतो. समोरून दाजींची गाडी रोज दुकानात येते, एक वळण, तेही उताराचं, आणि खिडकीतून ताईचा तो जाड आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू जातो.

"अठ्ठ्याहत्तर! एकोणऐंशी! अहो, हळू!"

त्या वेळी थर्मामीटर नेमका कुठल्या तरी गाडीच्या पोटाखाली असतो. बाहेर फक्त पाय दिसतात. आवाज आला की डाव्या पायाचा अंगठा हलतो.